अमेरिका किती तास लांब आहे? तिकिटावरचे तास आणि पायांचे तास



मे महिना जवळ आला की माझ्या ओपीडीत एका वेगळ्या प्रकारचे पेशंट यायला लागतात. त्यांना ताप नसतो, खोकला नसतो. हातात फाइल असते, फाइलमध्ये व्हिसाचे कागद असतात आणि चेहऱ्यावर आनंद आणि धास्ती दोन्ही असतात. मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी निघालेले हे आईवडील. साताऱ्यात, कोरेगावात, कराडला, सांगली-मिरजेत आता अशी घरं गल्लोगल्ली आहेत.

मागच्या वर्षी असेच एक काका-काकू आले. काका एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, मुलगा न्यू जर्सीत. बीपी, शुगर बघून झालं आणि काकांनी विचारलं, "डॉक्टर, हे नेवार्क किती लांब आहे हो?"

मी म्हटलं, "मुंबईपासून साडेबारा हजार किलोमीटर."

एस.टी.चा एक टप्पा सहा किलोमीटरचा. काकांनी मनातल्या मनात भागाकार केला. "म्हणजे दोन हजारांवर टप्पे की!"

काकू म्हणाल्या, "टप्प्यांचं राहू द्या. किती तास बसायचं ते विचारा."

काकूंचा प्रश्न जास्त बरोबर होता. आजचा लेख त्याच प्रश्नावर आहे. हा हिशेब मी स्वतः एकदा चुकीचा केला होता आणि त्याची किंमत माझ्या आईने मोजली. तेही आज सांगणार आहे.

आधी अंतर समजून घेऊ

मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. मुंबई ते नेवार्क किंवा न्यूयॉर्क सुमारे १२,५०० किलोमीटर. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,५०० किलोमीटर.

"सरळ" म्हणजे भिंतीवरच्या नकाशावरची सरळ रेघ नव्हे. घरात नातवंडांचा पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर ठेवा आणि ताणा. दोरा अरबी समुद्रावरून पश्चिमेला न जाता उत्तरेकडे सरकतो आणि पार आइसलंडच्या जवळून खाली उतरतो. पृथ्वी गोल असल्यामुळे सगळ्यांत जवळची वाट तीच. समोरच्या स्क्रीनवर विमान वर-वर जाताना दिसलं की "हा कुठं निघालाय?" म्हणून घाबरू नका.

आता वेळ. मोठं विमान ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने जातं. साडेबारा हजाराला नऊशेने भागलं तर चौदा तास येतात. प्रत्यक्षात जाताना पंधरा-सोळा तास लागतात आणि येताना चौदा-साडेचौदा. अंतर तेच, वेळ वेगळा. कारण त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. त्यात एखाद्या देशाने आपली हवाई हद्द बंद केली तर वळसा पडतो. एप्रिल २०२५ च्या शेवटी पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून जाणाऱ्या अनेक विमानांचे तास असेच वाढले.

म्हणजे किलोमीटर ऐकून तास कळत नाहीत. आणि विमानाचे तास ऐकून प्रवासाचे तास कळत नाहीत. ही दुसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची.

उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत

तिकिटावर सोळा तास लिहिलेले असतात. पण तुमचं घर मुंबई विमानतळाला लागून नाही. सांगलीहून निघणाऱ्यांचा हिशेब असा पडतो:

- सांगली ते मुंबई विमानतळ, सुमारे ३८० किलोमीटर, चहापाणी, घाट आणि मुंबईचं ट्रॅफिक धरून: ९ तास
- विमानतळावर चेक-इन, सिक्युरिटी आणि वाट बघणं: ४ तास
- विमानात: १६ तास
- उतरल्यावर इमिग्रेशनची रांग आणि बॅगा: २ तास
- तिथून मुलाचं घर: १ तास

बेरीज ३२ तास. साताऱ्याहून निघणाऱ्यांनी यातले तीन तास वजा करावेत. दुपारी एकला सांगलीतल्या घराला कुलूप लावलं तर मुलाच्या घरात पाय ठेवताना आपल्या घड्याळात दुसऱ्या दिवशीचे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. तिथे मात्र सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात आणि सून विचारते, "आई, जेवायला वाढू का?"

या ३२ तासांतले अठ्ठावीस-एकोणतीस तास आपण बसलेलो असतो. व्हीलचेअर घेतली असेल तर विमानतळावरचं चालणंही वाचतं. वाचतं म्हणजे बुडतं.

आनंदीबाई जोशी १८८३ साली एप्रिलमध्ये कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. जवळपास दोन महिने. हाल खूप झाले असतील, पण बोटीवर डेकवर फिरता येत होतं आणि घड्याळाचा फरक रोज थोडाथोडा पडत होता. आपण तेच अंतर एका रात्रीत आणि एका खुर्चीत कापतो. हे शरीराला झेपतं, पण शरीराला थोडी मदत करावी लागते.

माझ्या आईची गोष्ट

२०१४ चा ऑगस्ट. माझी आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची. सांगलीत राहायची, मी साताऱ्यात. धाकटी बहीण न्यू जर्सीत, तिच्याकडे आई पाच महिने राहून परत येणार होती. आईला मधुमेह, गुडघे दुखायचे, उंची चार फूट अकरा इंच.

तिच्या प्रवासाची तयारी मी डॉक्टर म्हणून केली होती. इन्सुलिन किती वाजता, विमानात शुगर कधी तपासायची, साखर कमी झाली तर काय खायचं, सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात. बहिणीने तो कागद आईच्या पर्समध्ये ठेवला. मी मनात खूश होतो.

आई रात्री दहाला मुंबईत उतरली. व्हीलचेअर होतीच. गौरी-गणपती तोंडावर आलेले, त्यामुळे मुंबईत मुक्काम करायला तिची तयारी नव्हती. मी ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर गाडी पाठवली होती, मागच्या सीटवर उशी ठेवायला सांगितली होती. "आई, पाय घे वर आणि निवांत झोपून ये," असं मीच फोनवर म्हणालो.

पहाटे पाचला गाडी साताऱ्याजवळून हायवेने पुढे गेली. मी फोन केला, "थांबतेस का घरी?" ती म्हणाली, "आता घरीच जाते रे. गणपतीची भांडी काढायची आहेत." मलाही सकाळचा राउंड होता. मी बरं म्हटलं.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "डावी पोटरी जड झाल्यासारखी वाटतेय. जरा सुजलीय पण." मी विचारलं, "कुठे मार लागला का?" ती म्हणाली, "बॅग लागली असेल." मी सांगितलं, क्रेप बँडेज बांध, पाय उशीवर ठेव, प्रवासाचा शीण आहे.

दुसऱ्या दिवशी देवघराच्या दोन पायऱ्या चढताना तिला दम लागला. शेजारच्यांनी वेळ न घालवता हॉस्पिटलमध्ये नेलं. मी साताऱ्याहून पोचेपर्यंत कलर डॉपलर झाला होता. डाव्या पायाच्या आतल्या शिरेत पोटरीपासून मांडीपर्यंत रक्ताची गुठळी, आणि सीटी स्कॅनमध्ये तिचा एक तुकडा फुप्फुसात.

आई वाचली. आधी इंजेक्शनं, मग सहा महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, आणि त्यांच्या तपासणीसाठी वारंवार रक्त देणं. त्या वर्षी गणपती शेजाऱ्यांनी बसवला.

हीच तक्रार घेऊन एखादी अनोळखी बाई माझ्या ओपीडीत आली असती, तर "अमेरिकेहून तीन दिवसांपूर्वी आले" एवढं ऐकूनच मी डॉपलर लिहून दिला असता. आईला मी फोनवर क्रेप बँडेज सांगितलं. नंतर ती बरी झाल्यावर एकदा म्हणाली, "तू त्या दिवशी डॉक्टर नव्हतास. मुलगा होतास. आईला काही होत नाही असं धरून बसलास."

माझी दुसरी चूक हिशेबाची होती. मी चौदा तासांचा विचार केला, आणि तोही फक्त शुगरसाठी. आईचे पाय मात्र बहिणीच्या दारातून निघाल्यापासून सांगलीच्या दारात उतरेपर्यंत जवळजवळ तीस तास दुमडलेले होते. शेवटचे नऊ तास तर माझ्याच सल्ल्याने.

पायात नेमकं काय होतं?

हृदय रक्त पायांपर्यंत ढकलतं. पण तिथून ते वर कोण आणतं? पायाच्या शिरांना स्वतःचा पंप नाही. आपण चालतो तेव्हा पोटरीचा स्नायू आवळतो, शिर दाबली जाते आणि रक्त वर सरकतं. शिरांमध्ये झडपा असतात, त्यामुळे वर गेलेलं रक्त खाली येत नाही. म्हणून पोटरीला आम्ही "दुसरं हृदय" म्हणतो. तासन् तास बसलं की हे दुसरं हृदय बंद पडल्यासारखं होतं. वरून गुडघा दुमडलेला आणि सीटची कड मांडीखाली रुतलेली. रक्त साचतं, आणि साचलेलं रक्त गोठायला लागतं.

याला डीप व्हेन थ्रोम्बोसिस, म्हणजे डीव्हीटी म्हणतात. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला की ते पल्मोनरी एम्बोलिझम. ते जिवावर बेतू शकतं.

हा आजार विमानाचा नाही, बसण्याचा आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक रात्र-रात्र आसऱ्याच्या जागी आरामखुर्च्यांत बसून काढायचे. त्यांच्यात फुप्फुसातल्या गुठळीने होणारे मृत्यू वाढल्याचं तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या अभ्यासात २००६ साली दिसलं की चार तासांहून जास्त प्रवासाने धोका साधारण दुप्पट होतो, मग तो विमानाचा असो की मोटार, बस, रेल्वेचा. म्हणून सांगली-मुंबईचे नऊ तासही हिशेबात धरायचे.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. १६० सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण सव्वापाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या लोकांना विमानप्रवासात धोका जास्त दिसला. कारण सोपं वाटतं: पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, लोंबकळतात आणि सीटची कड गुडघ्यामागे दाबते. आपल्या आया-मावश्यांची उंची आठवा.

आणि अंतराचं काय? पॅरिसच्या मुख्य विमानतळावर १९९३ ते २००० या काळात उतरलेल्या साडेतेरा कोटी प्रवाशांची पाहणी झाली. विमानातून उतरताना किंवा उतरल्या-उतरल्या गंभीर पल्मोनरी एम्बोलिझम झालेले किती, हे मोजलं गेलं. ५,००० किलोमीटरपेक्षा कमी प्रवासात दर दहा लाखांत ०.०१, ५,००० च्या वर १.५ आणि १०,००० च्या वर ४.८.

आता सुरुवातीचे आकडे परत बघा. मुंबई-दुबई दोन हजारांच्या आत. मुंबई-लंडन पाच हजारांच्या वर. अमेरिका दहा हजारांच्या वर.

घाबरून तिकीट रद्द करू नका. धोका एकूण कमीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून जास्त विमानप्रवासात निरोगी माणसात साधारण सहा हजारांत एकाला डीव्हीटी होतो. पण वय, वजन, गुडघे, मधुमेह असे आपण "निरोगी माणूस" किती आहोत, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

विमानातली हवा: कळसूबाईहून उंच

विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडतं. आतली हवा दाब देऊन राखलेली असते, पण जमिनीसारखी नसते. ती साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असते तशी असते. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट १,४३८ मीटर, आणि महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे सोळा तास आपण कळसूबाईपेक्षा उंच जागी बसलेलो असतो. निरोगी माणसाचा ऑक्सिजनही तिथे ९० ते ९४ च्या आसपास येऊ शकतो. त्याला ते जाणवत नाही. पण ज्यांना घरीच दम लागतो, ज्यांचं हिमोग्लोबिन खूप कमी आहे किंवा ज्यांना नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलाय, त्यांना जाणवतं. अशांनी तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांना भेटावं, तिकीट काढून झाल्यावर नव्हे.

हवा कोरडीही असते. घसा, नाक, डोळे कोरडे पडतात. पाणी थोडंथोडं पीत राहा. "सारखं उठावं लागेल" म्हणून पाणी न पिणारे खूप आहेत. मी म्हणतो, तेवढ्यासाठी तरी उठाल! प्रोस्टेटचा किंवा हार्ट फेल्युअरचा त्रास असणाऱ्यांनी पाण्याचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं.

शुगरवाल्यांसाठी थोडक्यात

पश्चिमेला जाताना आपला दिवस लांबतो, न्यू जर्सीसाठी उन्हाळ्यात साडेनऊ तासांनी. परत येताना तेवढाच आखूड होतो. त्यामुळे जाताना इन्सुलिनचा एखादा डोस वाढू शकतो, येताना कमी करावा लागू शकतो. हे स्वतःच्या मनाने ठरवू नका. विमानाच्या वेळा घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तक्ता लिहून घ्या. घरी पोचेपर्यंत मनगटावरचं घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवा. जेवण समोर आल्याशिवाय जेवणाच्या वेळचं इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणारी गोळी घेऊ नका. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, खाली जाणाऱ्या सामानात ते गोठून निकामी होऊ शकतं. भडंग आणि कंदी पेढे मोठ्या बॅगेत गेले तरी चालतील, औषधं नकोत.

मग करायचं काय?

- शक्य असेल तर प्रवास तोडा. सांगलीकरांनी पुण्यात किंवा मुंबईत एक रात्र आडवं होऊन झोपावं आणि मग विमान पकडावं. परत येतानाही तसंच. उतरल्यावर रात्रभर गाडीने घर गाठायची घाई करू नका. गणपतीची भांडी एक दिवस थांबतात.
- गाडीत दर दीड-दोन तासांनी उतरा आणि पाच मिनिटं चाला.
- विमानात शक्यतो कडेची, आइलची सीट मागा. दर दोन तासांनी, जागे असाल तेव्हा, एक फेरी मारा.
- बसल्याजागी शिलाई मशीनचं पायडल मारल्यासारखे पाय हलवा: टाच टेकवून चवडा वर, चवडा टेकवून टाच वर. तासाला तीस वेळा.
- पाय टेकत नसतील तर पायाखाली छोटी बॅग घ्या, म्हणजे सीटची कड रुतणार नाही. पण पाय हलवायला जागा ठेवा.
- झोपेची गोळी आणि दारू टाळा. एकाच अवस्थेत आठ तास पडून राहणं आपल्याला नको आहे.
- गुडघ्याखालचे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज उपयोगी पडतात, पण घोट्याचं आणि पोटरीचं माप देऊनच घ्या. पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी, विशेषतः जुन्या मधुमेहींनी, तपासून घेतल्याशिवाय घालू नयेत.
- शेजारच्यांनी सांगितलं म्हणून ॲस्पिरिन घेऊ नका. निव्वळ प्रवासातल्या गुठळीसाठी ती सांगितली जात नाही, आणि पोटात रक्तस्राव होऊ शकतो.
- व्हीलचेअर जरूर घ्या, लांब रांगेसाठी आणि भाषेच्या अडचणीसाठी. पण गेटपाशी बसून राहू नका, उठून दहा मिनिटं चाला.

आधी कधी गुठळी झाली असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील, तीन महिन्यांच्या आत मोठं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल, पायाला प्लास्टर असेल, गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या असाल, किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना आवर्जून विचारा. काहींना प्रवासाआधी इंजेक्शन किंवा गोळी लागते.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

दोन्ही पाय सारखेच सुजणं आणि एक-दोन दिवसांत उतरणं हे बहुधा साधं असतं. पण एकच पाय सुजला, दुखतोय, गरम किंवा लाल झालाय, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मालिश करू नका. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं किंवा चक्कर येऊन पडलात, तर थेट हॉस्पिटल. धोका पहिल्या दोन आठवड्यांत जास्त असतो आणि हळूहळू कमी होत आठ आठवड्यांपर्यंत टिकतो. म्हणून डॉक्टरांना पहिलंच वाक्य सांगा, "मी इतक्या दिवसांपूर्वी लांबचा प्रवास केलाय." आणि घरात डॉक्टर मुलगा असेल तर त्याच्या फोनवरच्या सल्ल्यावर विसंबू नका. हे मी स्वतःविरुद्ध सांगतोय.

उलट दिशेचा प्रवास

एक प्रवास असा आहे ज्याची तयारी कुणी करत नाही. इथे वडील आयसीयूत असतात आणि तिकडून मुलाचा फोन येतो, "डॉक्टर, मी निघू का?"

पूर्वी मी सांगायचो, "अजून बघू, उद्या सकाळी कळवतो." असं वाट बघायला सांगितलेला एक मुलगा सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि खंबाटकी घाटात असताना त्याला बातमी कळली. तो मला एका शब्दाने बोलला नाही. तेव्हापासून मी किलोमीटर नाही, तास मोजतो. तिकीट मिळणं, विमान, मुंबई ते सातारा-सांगली, सगळं धरून दोन दिवस जातात. म्हणून पेशंटच्या पुढच्या दोन-तीन दिवसांची मला खात्री देता येत नसेल, तर मी सरळ म्हणतो, "निघा." पेशंट सुधारला तर? तर मुलगा चार दिवस वडिलांच्या उशाशी बसून परत जातो. यात कुणाचंच नुकसान झालेलं मी पाहिलं नाही.

फक्त त्या मुलालाही सांगतो, की विमानात पाणी पी, उठून चाल. काळजीने जागच्या जागी गोठून बसलेल्या माणसाच्या पायातही रक्त साचतंच.

शेवटी काकांचं

ते कंडक्टर काका सहा महिन्यांनी परत आले. तब्येत छान, काकूंची शुगरही ताब्यात. मी विचारलं, "चाललात का विमानात?"

काका म्हणाले, "डॉक्टर, तीस वर्षं चालत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडली. बसून प्रवास करायची सवयच नाही मला. दर दोन तासांनी पुढून मागं फेरी मारली. ती हवाई सुंदरी म्हणाली, काही हवंय का? म्हटलं, काही नको, पॅसेंजर मोजतोय."

काकू म्हणाल्या, "मलाही उठवत होते. सांगलीला बहिणीकडे मुक्काम केला, पुण्यात भाच्याकडे केला, मग विमान. पोचलो तर पाय जसेच्या तसे."

मी दोघांच्या पोटऱ्या बघितल्या. मऊ, सारख्या, कुठे सूज नाही.

तुमच्या घरातलं कुणी या उन्हाळ्यात निघणार असेल तर तिकीट बघताना एक कागद घ्या आणि घराच्या उंबऱ्यापासून तिकडच्या उंबऱ्यापर्यंतचे तास लिहून काढा. तो कागद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधांमधला कुठलाही बदल आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.)